वजनाचे भाडे, जागेचे भाडे

शाळेत आपण सगळ्यांनीच एक कोडे ऐकलेले असते. एक मण लोखंड जड की एक मण कापूस जड? मुले चटकन 'लोखंड' म्हणतात आणि गुरुजी हसतात. मण तो मणच, मग लोखंडाचा असो की कापसाचा. पण हेच कोडे जरा वळवून विचारले, तर गुरुजींनाही क्षणभर थांबावे लागेल. एक मण लोखंड आणि एक मण कापूस परगावी पाठवायचा आहे. भाडे जास्त कशाला पडेल? येथे 'दोन्ही सारखेच' हे उत्तर चालत नाही. तराजूच्या दृष्टीने दोन्ही सारखे असतील. पण गाडीवान, जहाजवाला, रेल्वेवाला आणि आजचा विमानवाला तराजूबरोबर आणखी एका गोष्टीकडे बघत असतो. ती गोष्ट म्हणजे जागा.

मालाचे वजन आणि मालाने अडविलेली जागा या दोहोंची ओढाताण फार जुनी आहे. त्या ओढाताणीतून आपल्याकडचे व्यापारी रस्ते बदलले, कारखाने उभे राहिले, कायदे झाले, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशातही फरक पडला. आज ही हकिगत आपण मुख्यतः कापसाच्या आधाराने पाहू. वऱ्हाड-खानदेशातल्या श्रोत्यांना ती घरचीच वाटेल.

आगगाडी नव्हती तेव्हा देशावरचा बहुतेक माल पाठाळ बैलांवरून जाई. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन चालत. बैलाच्या पाठीवर दोन गोण्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, दोन्ही समतोल. गोणी केवढी असावी हे कोणा सरकारी हुकुमाने ठरविलेले नव्हते; ते बैलाच्या पाठीने ठरविले होते. जास्त जड केली तर बैल बसतो. जास्त फुगीर केली तर घाटाच्या अरुंद वाटेत ती दरडीला घासते. म्हणजे वजन आणि आकार या दोन्ही मर्यादा तेव्हाही होत्याच. सरदार-सावकारांचा माल ठरीव दराने पोचविणारे हुंडेकरी असत. वाटेतली जकात, चौक्या, चोरीची जोखीम हे सारे त्यांच्या दरात धरलेले असे.

अशा वाहतुकीत दूरवर काय जाई? ज्याचे वजन थोडे आणि मोल मोठे ते. रेशीम, केशर, जरीचे कापड शेकडो कोस गेले तरी परवडे. उलट ज्वारी-बाजरी चार मजलांपलीकडे नेली की बैलांच्या चाऱ्यातच नफा संपे. मीठ हलके मोलाचे खरे, पण त्यावाचून घर चालत नाही, म्हणून ते जाई, आणि देशावर पोचेपर्यंत महाग होऊन बसे. कापूस या दोहोंच्या मधला. त्याला मोल होते, पण तो फुगीर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस अमरावतीहून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांच्या पाठीवर जाई. पाचशे मैलांच्या आसपासची वाट! वाटेत धूळ बसे, अवकाळी पाऊस आला तर रुई भिजे, रोज संध्याकाळी गोण्या उतरवायच्या आणि पहाटे पुन्हा चढवायच्या. पुढे १८२५ च्या सुमारास पेस्तनजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे वळविला. वाट बदलली, वाहन मात्र बराच काळ बैलच राहिले.

आता कापूस मुंबईच्या बंदरावर आला आहे असे समजा. येथे त्याची गाठ जहाजाशी पडते, आणि जहाजाचा हिशेब बैलापेक्षा वेगळा आहे.

'टन' हा शब्द आपण वजनाचा म्हणून वापरतो. पण त्याचा जन्म जागेच्या मापातून झालेला आहे. युरोपात जहाजांतून द्राक्षासवाची मोठी लाकडी पिंपे नेत. एका पिंपात सुमारे अडीचशे गॅलन मद्य मावे आणि त्या पिंपाला इंग्रजीत 'टन' म्हणत. अमुक जहाज शंभर टनी आहे म्हणजे त्यात अशी शंभर पिंपे राहतात. पुढे त्याच शब्दाला वजनाचा अर्थ आला आणि २२४० रत्तलांचा इंग्रजी टन रूढ झाला. रत्तल म्हणजे पौंड, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. पण जहाजवाल्यांनी जागेचा टन सोडला नाही. ४० घनफूट जागा म्हणजे भाड्याचा एक टन, असे माप त्यांनी ठेवले. आणि नियम असा केला की, मालाचे वजनही करायचे आणि मापही घ्यायचे. ज्यात भाडे जास्त होईल ते आकारायचे.

हा नियम वरवर पाहता लुबाडणुकीचा वाटतो. पण जहाजवाल्याची बाजूही बघा. नुसते लोखंड भरले तर तळ भरताच जहाज पाण्यात पुरते बसते आणि वरची सगळी जागा रिकामी जाते. नुसता कापूस भरला तर जहाज काठोकाठ भरते आणि तरीही पाण्यावर उंच तरंगत राहते. जहाज मात्र तेच, खलाशी तेच, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा महिनोगणतीचा प्रवासही तोच. तेव्हा जड मालाकडून वजनाचे आणि फुगीर मालाकडून जागेचे भाडे घेतल्याशिवाय त्याचा खर्च निघत नाही.

आता थोडे गणित करू. सैल भरलेली रुई एका घनफुटात दहा रत्तल मावते असे धरा. एक टन, म्हणजे २२४० रत्तल रुईला २२४ घनफूट जागा लागेल. चाळिसाने भागले की भाड्याचे टन निघतात ५.६. म्हणजे तराजूवर एक टन असलेली रुई जहाजाच्या वहीत साडेपाच टनांहून अधिक! आता तीच रुई इतकी दाबली की एका घनफुटात चाळीस रत्तल बसली. जागा लागेल ५६ घनफूट आणि भाड्याचे टन होतील १.४. समजा, टनाला १०० रुपये दर आहे. सैल रुईला ५६० रुपये पडतील, दाबलेल्या रुईला १४०. कापूस तोच, त्याचा धागा तोच, वजन तेच. फक्त त्यातली हवा काढून टाकली. सैल गाठोड्यातून माणूस हवेचे भाडे भरीत असतो. लोखंडाच्या बाबतीत हा प्रश्नच नाही. एक टन भरीव लोखंडाला पाच घनफूट जागाही लागत नाही, म्हणून ते वजनावर जाते.

मुंबईला कापसाचे 'स्क्रू', म्हणजे मळसूत्री दाबयंत्रे का उभी राहिली, याचे उत्तर या गणितात आहे. मोठमोठ्या मळसूत्रांना आडवे दांडे लावून माणसे ते फिरवीत आणि रुई दाबून तिच्या गासड्या बांधीत. पुढे वाफेवर व पाण्याच्या दाबावर चालणारे प्रेस आले. कापसाचा बाजार पूर्वी कोटात, सेंट थॉमस चर्चपुढच्या पटांगणात भरे. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकात शिवडीच्या बाजूस हलला. मुंबईच्या हार्बर मार्गावरील 'कॉटन ग्रीन' स्टेशनाचे नाव त्याचीच आठवण सांगते.

मग आगगाडी आली. १८५३ साली मुंबई ते ठाणे, १८६३ मध्ये बोरघाट, १८६५ मध्ये थळघाट, आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. मधल्या काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा मिळाला. आणि रेल्वेलाही जहाजाचाच प्रश्न पडला. वाघिणीत सैल रुई भरली तर डबा भरतो, पण इंजिनाच्या ताकदीच्या मानाने ओझे काहीच नसते. म्हणून दाबलेल्या रुईला सवलतीचा दर आणि सैल रुईला चढा दर, असे भेद आले.

याचा परिणाम काय झाला? दाबयंत्रे मुंबई सोडून कापसाच्या गावी आली. खामगाव, अकोला, अमरावती, जळगाव, धुळे अशा ठिकाणी जिन आणि प्रेस उभे राहिले. मुंबईला ठरलेली गासडी होती साडेतीन हंड्रेडवेटची, म्हणजे ३९२ रत्तलांची. आजची आपली गासडी १७० किलोंची असते. जुनी गासडी किलोत मोजली तर सुमारे १७८ भरते. म्हणजे दीडशे वर्षांत वजनाचे मोजमाप बदलले, पण गासडी जवळपास तेवढीच राहिली. रुईची गासडी करणे हे बाहेरून पाहणाऱ्याला साधे बांधाबांधीचे काम वाटते. प्रत्यक्षात ज्या गावाला प्रेस आणि रेल्वे दोन्ही मिळाली ते गाव पेठ झाले, आणि जे या वाटेवरून बाजूला राहिले ते मागे पडले.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघू. भाडे कोण भरतो? कागदावर व्यापारी भरतो. पण लिव्हरपूलचा भाव ठरलेला; त्यातून जहाज, रेल्वे, प्रेस, दलाली वजा होत होत जे उरते, तो खामगावचा भाव. भाडे कमी झाले तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळायला हवेत. काही अंशी ते मिळालेही. पण गासडी बांधण्याची किल्ली ज्याच्या हाती, त्यालाही त्या बचतीत वाटा हवा असे. खानदेश-वऱ्हाडात जिन-प्रेसचे मालक एकत्र येऊन 'पूल' करीत. काही कारखाने मुद्दाम बंद ठेवायचे, बाकीच्यांनी वाढीव दर घ्यायचा, आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. भाड्यात वाचलेला पैसा असा मध्येच अडे.

दाबलेल्या गासडीने दुसराही एक प्रश्न उभा केला. सैल रुईत हात घालून बघता येते. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गासडीच्या पोटात काय आहे ते कोण बघणार? वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारणे, सरकी-माती मिसळणे, चांगल्या रुईच्या पोटात हलकी रुई घालणे, असे प्रकार चालत. मुंबई सरकारने त्याविरुद्ध १८२९ मध्ये आणि पुन्हा १८६३ मध्ये कायदे केले. नंतर १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक प्रेसला खूण ठरवून दिली आणि गासडीवर ती खूण व क्रमांक घालणे भाग पडले. म्हणजे पुढे मागे खोट सापडली तर ती कोणत्या प्रेसमधली, हे कळावे. आज आपण पार्सलावर ठसा आणि क्रमांक पाहतो; त्यामागे हीच जुनी अडचण आहे. बंद पेटीवर विश्वास कसा ठेवायचा?

कापसावरून आता टपालाकडे येऊ. तेथे भाड्याच्या नियमाने चक्क पत्राचा आकार बदलला. इंग्लंडात १८४० पूर्वी पत्राला पैसे पडत ते अंतरावर आणि कागदाच्या ताव-संख्येवर. एक ताव, एक भाडे. दोन ताव, दुप्पट. पाकीट घातले तर तोही दुसरा ताव! म्हणून लोक पाकीट घालीतच नसत. कागद घडी करून लाखेने बंद करीत, आणि जागा वाचविण्यासाठी उभे लिहून झाले की त्याच ओळींवरून आडवे लिहीत. रोलंड हिल या गृहस्थांनी १८३७ मध्ये हिशेब मांडला की, लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग आहे. खर्च वाहण्याचा नाही. मोजण्याचा, लिहिण्याचा आणि घरोघर वसुली करण्याचा आहे. १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंत कोठेही एक पेनी, असा दर झाला, आणि पाकिटे वापरात आली.

आपल्याकडे १८५४ मध्ये देशभर एकच दर झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. साहजिकच पातळ कागद आणि बारीक अक्षर! १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. कार्डाचे वजन आणि आकार आधीच ठरलेला, तेव्हा तोलायचीही गरज उरली नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाची खुशाली कोकणातल्या आईला एका पैशात कळू लागली. आकार ठरवून दिल्याने दर उतरतो, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे नाही.

अमेरिकेत सरकारी पार्सल टपाल १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाले, आणि लोकांनी नियमाच्या कडा लगेच चाचपून पाहिल्या. १९१४ मध्ये आयडाहो संस्थानात पाच वर्षांच्या एका मुलीला तिच्या आईबापांनी कोटावर ५३ सेंटांची तिकिटे चिकटवून टपालाच्या डब्यातून आजीकडे धाडले! तिचे वजन पन्नास रत्तलांच्या आत होते, आणि आगगाडीच्या भाड्यापेक्षा टपाल स्वस्त पडत होते. पुढे माणसे टपालाने पाठविण्यास मनाई झाली. १९१६ मध्ये तर युटामधल्या व्हर्नल या गावी बँकेची इमारत बांधायला विटा टपालाने आल्या. एका पेटीचे वजन पन्नास रत्तलांच्या मर्यादेत बसेल एवढ्याच विटा भरायच्या, आणि अशा पेट्या ढिगाने पाठवायच्या. टपालाचा दर सरळ रेषेतल्या अंतरावर होता. प्रत्यक्षात मात्र डोंगराला वळसा घालून शेकडो मैल जावे लागे. तोटा खात्याच्या माथी आला आणि मग एका माणसाने दुसऱ्या एकाला दिवसाला २०० रत्तलांहून अधिक पाठवू नये, असा नियम झाला. दर जसा लिहावा तशी पेटी बांधली जाते, ही गोष्ट तिथल्या अधिकाऱ्यांना विटांनी शिकविली.

मंडळी, वजन आणि जागा यांबरोबर आणखी एक माप आहे. ते भाड्याच्या वहीत लिहिलेले नसते. ते म्हणजे हमालाची पाठ. धान्याचे शंभर किलोंचे पोते व्यापाऱ्याला सोयीचे. पोती कमी, शिलाई कमी, मोजदाद कमी. पण ते उचलणाऱ्याच्या मणक्याचा हिशेब कोण ठेवणार? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये या प्रश्नावर ठराव केला आणि प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचविली. आपल्या राज्यात अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. आज सिमेंटची पिशवी ५० किलोंची असते. पिशवीचा आकार हा व्यापाराचा प्रश्न आहे, तसाच तो न्यायाचाही आहे.

हमालाची पाठ मोकळी करणारा, आणि त्याच वेळी त्याचे काम काढून घेणारा मोठा बदल १९५६ मध्ये झाला. २६ एप्रिल रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मोटारवाहतूकदाराने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ लोखंडी पेटारे चढविले आणि नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. सुटा माल जहाजावर चढवायला त्या काळी टनाला ५ डॉलर ८३ सेंट पडत. या पेटाऱ्यांच्या रीतीने हिशेब आला १६ सेंटांच्या आत. पुढे पेटाऱ्यांची मापे जगभर एकच ठरली. आपल्याकडे उरणजवळ न्हावाशेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांतली पोती-पेट्यांची वर्दळ हळूहळू तिकडच्या यंत्रांखाली गेली. जगाचा व्यापार स्वस्त झाला. गोदीकामगारांच्या कित्येक घरांनी त्याची किंमत मोजली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पेटाऱ्यातही जुने कोडे संपलेले नाही. वीस फुटी पेटाऱ्यात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. फरशीच्या लाद्या भरल्या तर निम्मी जागा रिकामी असतानाच वजनाची मर्यादा येते. तयार कपडे भरले तर पेटारा छतापर्यंत भरतो आणि वजनाला काहीच उरत नाही.

आणि आज हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. गावोगावचे बचत गट कुरडया, पापड, शेवया परगावी, परदेशी पाठवितात. कुरडया म्हणजे घरचा कापूसच. वजनाला हलक्या, जागेला भारी. विमानाने माल नेणारे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, त्यांचा गुणाकार करतात आणि साधारणतः ६००० ने भागतात. पुष्कळ कुरिअरवाले ५००० ने भागतात. जो आकडा निघेल ते जागेचे वजन. ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडे त्यावर. अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांनी २०१५ च्या सुरुवातीपासून जमिनीवरून जाणाऱ्या लहान पार्सलांनाही हा नियम लावला.

समजा, खोके आहे ६० बाय ४० बाय ३०. गुणाकार ७२०००. पाच हजाराने भागा, १४.४ किलो. आत कुरडया आहेत ४ किलो. म्हणजे दहा किलोंहून अधिक भाडे हवेचे! तोच माल ४० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात नीट रचून बसविता आला, तर गुणाकार ३०००० आणि जागेचे वजन ६ किलो. भाड्याचा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि एक कुरडईही कमी केली नाही. मात्र फार आवळून मोडल्या तर घेणारा परत पाठवील, हेही ध्यानात ठेवावे. रुई दाबून पुन्हा फुगते. कुरडई फुगत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. घनफळाचे गणित शिकविताना पुस्तकातल्या ठोकळ्यांऐवजी वर्गात दोन-तीन रिकामी खोकी आणि एक तराजू ठेवावा. एकात विटेचे तुकडे भरावेत, दुसऱ्यात सरकी काढलेला कापूस. मुलांना लांबी-रुंदी-उंची मोजू द्यावी, वजन करू द्यावे, आणि दोहोंचे भाडे कसे पडेल ते विचारावे. वऱ्हाडातल्या शाळेत असाल तर जवळच्या प्रेसवर नेऊन एक गासडीही मोजून घ्यावी. आजोबांच्या शेतातला कापूस कोणत्या हिशेबाने कोठवर जातो, हे त्या मुलांना पाठ करावे लागणार नाही.